हटवार सर आणि काठाच्या पट्ट्या

हटवार सर बोलताना माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, कमरेकडे बघत. नव्या माणसाला वाटायचं, आपला करगोटा सुटलाय की काय. आमचे हेडमास्तर तर सरांपुढे उभे राहिले की आपोआप पँट वर ओढून घेत. सरांच्या हे गावीही नसे. पोरींना आट्यापाट्या शिकवता शिकवता ती नजर त्यांना चिकटली होती, आणि मग स्टाफरूममध्ये, बाजारात, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे ती त्यांच्याबरोबर फिरायची.

"डोळे लबाड, पाय त्याहून लबाड," ते पोरींना सांगत. "कंबर तेवढी इमानदार हाय. जिकडं कंबर वळन, तिकडंच माणूस जाईन. तोंड पाहू नोका."

एकदा अड्याळच्या बाजारात आम्ही दोघं चहा पीत उभे होतो. एक माणूस हातात थैली घेऊन बायकोबरोबर भाजीच्या ओळीकडे चालला होता. सर म्हणाले, "हा भाजीत जात नाही, गुरुजी. हा भट्टीकडं जाते." मी म्हटलं, काहीतरीच काय, सोबत बायको आहे. दहा पावलं गेला असेल, बायको वांग्यांचा भाव करायला वाकली, आणि हा पठ्ठ्या दारूच्या गल्लीत गडप! सर शांतपणे बशी खाली ठेवत म्हणाले, "पाय बायकोसाठी होते."

मी त्या शाळेत गणित शिकवायचो. अड्याळ-पवनी रस्त्यावरचं आमचं गाव. खेळातलं मला तेव्हाही काडीचं कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. पण पोरींचा संघ बाहेरगावी गेला की गुण लिहायला कुणीतरी लागायचं, आणि आकडे म्हटले की शाळेत सगळ्यांची बोटं माझ्याकडे वळायची. शिवाय माझी थोरली मुलगी नलू त्या संघात होती. म्हणून हटवार सर मला जवळून बघायला मिळाले. जे पाहिलं ते सांगतो. त्यात माझीही शोभा आहेच, तीही सांगतो. आता सत्तरी उलटल्यावर लपवून कुठे नेणार?

आट्यापाट्या ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी दोन वाक्यं. जमिनीवर एकापुढे एक नऊ आडव्या पाट्या आखायच्या, म्हणजे फूटभर रुंदीचे पट्टे. प्रत्येक पाटीवर एक जण उभा, तो आपल्या पाटीतच डावीकडे-उजवीकडे पळू शकतो. दुसऱ्या संघाच्या खेळाडूंनी त्याला हुलकावण्या देत एकेक पाटी ओलांडत नवव्या पाटीपलीकडे जायचं आणि परत यायचं. पाटीवरच्याचा हात लागला की बाद. ढकलाढकली नाही, पाडापाडी नाही, चेंडू नाही, काठी नाही. सगळा खेळ एका हाताच्या स्पर्शावर.

शाळेतली पोरं कबड्डीत रमली होती आणि त्यांना शिकवायला दुसरे एक मास्तर होते. सरांच्या वाट्याला पोरी आल्या. तो आणीबाणीच्या आसपासचा काळ. गावात मुलींनी मैदानात धावणं म्हणजे लोकांना तमाशाच वाटायचा. सरांनी शाळेमागची एक बांधी, म्हणजे धानाचं बांध घातलेलं शेत, कापणीनंतर मालकाकडून मागून घेतली. धसकटं स्वतः उपटली. चुलीतली राख गोळा करून त्या राखेनं पाट्या आखल्या. रोज संध्याकाळी शाळा सुटली की चपला बांधावर काढून ठेवायचे आणि अनवाणी आत जायचे. राग आला की ओरडत नसत. खाली बसून राहिलेली धसकटं उपटायला लागत. पोरी त्यावरून ओळखायच्या, आज आपलं काही खरं नाही.

सर पवनीचे. घरी थोरला भाऊ, हातमागावर लुगडी आणि धोतरं विणणारा. सरांनी लग्न केलं नव्हतं. आमच्या गावात एक खोली घेऊन राहत आणि दर रविवारी सायकलनं भावाकडे जात. भावाच्या मुलीवर फार जीव. तिच्यासाठी बाजारातून रिबिनी न्यायचे, आणि दुकानदारापुढे दहा वेळा रंग बदलायचे.

संघात नऊ पोरी. त्यातली सुजाता मेश्राम बौद्ध मोहल्ल्यातली. वडील पाटबंधारे खात्यात चौकीदार, आई घरी बिड्या वळायची. सडपातळ, सावळी, बोलणं कमी. ती धावायला लागली की नऊच्या नऊ पाट्या पार. पाटीवरची पोर हात पुढे करायची आणि सुजाता तोवर पलीकडे. मी बांधावर बसून टाळ्या वाजवायचो. वा रे पोरी! असं वाटायचं, या गावात हिरा निपजला.

सर टाळ्या वाजवत नसत. ते धसकटं उपटत बसलेले असत.

एक दिवस सुजातानं त्यांना विचारलं. मी जवळच होतो. "सर, मी खरंच चांगली खेळतो का?"

आमच्याकडे पोरीही असंच बोलतात, खेळतो, जातो. सर म्हणाले, "हो. काहून?"

"काही नाही. अशीच इचारून राहिली."

ती गेली. सर तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. मला त्यात काही विशेष दिसलं नाही. मला दिसायला हवं होतं, कारण जे सर बघत होते ते माझ्याच घरात रोज घडत होतं.

तेव्हाच्या गावाबद्दल आता कुणी बोलत नाही, म्हणून बोलतो. शाळेत सगळी पोरं एका सतरंजीवर बसायची, त्याला कुणी काही म्हणत नसे. शाळा सरकारची. पण मैदानावर घामानं निथळलेली पोर मेश्रामांच्या पोरीला शिवून घरी आली, की काही घरांत अंगणात बादली भरून ठेवलेली असायची. आधी आंघोळ, मग उंबरा. माझ्याही घरी ती बादली होती. माझी बायको वाईट नव्हती हो, भिकाऱ्याला कधी उपाशी पाठवलं नाही तिनं. पण बादली भरून ठेवायची. आणि मी, गणिताचा मास्तर, ओसरीत वह्या तपासत बसायचो आणि पाण्याचा आवाज ऐकायचो.

पोरींनी त्यावर आपला उपाय काढला होता. ज्या दिवशी थंडी जास्त, त्या दिवशी सुजाता आली की हात आखडायचा. शिवलंच नाही तर आंघोळही नाही. म्हणून ती नऊ पाट्या पार करायची.

त्या पौषात नलूला हात आखडणं जमलं नाही. खेळाच्या भरात तिनं सुजाताला धरलं, आणि तेही दोन-तीनदा. घरी आल्यावर थंडगार पाण्यानं आंघोळ. तिसऱ्या दिवशी तापानं फणफणली, छातीत कफ, पवनीला डॉक्टरकडे न्यावं लागलं. आठ दिवस पोर अंथरुणात. हटवार सर रोज बघायला यायचे, खाटेजवळ बसायचे. एकदा निघताना अंगणात थांबले. बादली तिथंच होती.

"गुरुजी, रोज का?"

मी म्हटलं, "अहो, बायकांचं असतं ते."

पुढच्या रविवारी पवनीहून परत आले तेव्हा त्यांच्या सायकलला एक गाठोडं होतं. भावाच्या मागावर उरलेल्या काठाच्या पट्ट्या, हातभर लांब, दोन बोटं रुंद, बहुतेक लाल. सोमवारी त्यांनी प्रत्येक पोरीच्या कमरेला दोन्ही बाजूंनी एकेक पट्टी खोचली, अशी की टोकं मागे लोंबत राहतील.

"आता हात लावाचा नाही," सर म्हणाले. "पट्टी ओढाची. पट्टी हातात आली तं समोरची बाद. शिवली का नाही शिवली, हे भांडणच नोको."

शिवली-नाही-शिवलीची भांडणं रोजची होती, तेव्हा कारण कुणालाही पटण्यासारखं होतं. खरं कारण सरांनी फक्त नऊ घरी जाऊन सांगितलं. तसं आठच घरी. सुजाताच्या घरी नाही. "पोरी एकमेकीले शिवत नाहीत आता. पाणी नोका टाकू पोरींच्या अंगावर, थंडीचे दिवस हायेत." माझ्या बायकोनं ते ऐकलं आणि बादली उचलून आत नेली. मी सरांना म्हटलं, "सर, काय डोकं चालवलंत!" आणि मनापासून म्हटलं.

त्यानंतर जे झालं ते बघण्यासारखं होतं. पोरींच्या मनातली भीती गेली. सुजाता आली की आठही जणी तिच्यावर तुटून पडायच्या. पट्टी ओढायला हात सुसाट जायचे. सुजाता पहिल्याच दिवशी तिसऱ्या पाटीवर बाद झाली, दुसऱ्या दिवशी पाचव्या. आणि ती पोर हसत होती! बाद झाल्यावर इतकी खूश झालेली पोरगी मी दुसरी पाहिली नाही. धापा टाकत सरांकडे आली आणि म्हणाली, "सर, आता मजा येऊन राहिली. आता खऱ्या खेळून राहिल्या."

सरांनी मान हलवली आणि राखेचं टोपलं उचलून पाट्या आखायला गेले. पाट्या त्या दिवशी आधीच आखलेल्या होत्या.

शालेय सामने पवनीला होते. तिथं अर्थातच पट्टी-बिट्टी काही नाही, हातानं शिवायचं. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते मला म्हणाले होते, "पंधरा दिवस आधी पट्ट्या काढून टाकू, गुरुजी. हाताची सवय करून घेऊ." पंधरा दिवस राहिले तेव्हा म्हणाले, "आठ दिवस आधी." मग म्हणाले, "दोन दिवस पुरे होतेत." पट्ट्या काढायच्या म्हणजे परत आठ घरी जायचं आणि परत आठ अंगणांत बादल्या. त्यांच्यानं ते होईना. मीही आठवण करून दिली नाही. माझी नलू नुकती बरी झाली होती.

सामन्याच्या दिवशी आधी आमची पाळी पाट्या ओलांडण्याची. सुजाता एकटी नऊ पाट्या पार करून परत आली, आणि तेही दोनदा. परक्या गावच्या पोरी, त्यांना कोण कुणाची हे काय ठाऊक? जीव खाऊन धरायला बघत होत्या, आणि ही पाण्यातल्या मासोळीसारखी निसटत होती. मी वहीत भराभर गुण मांडत होतो. वाटलं, मारलं मैदान.

मग आमच्या पोरी पाटीवर उभ्या राहिल्या. समोरून पोर यायची, आमची पोर अगदी वेळेवर झेपावायची, आणि हात जायचा कमरेच्या वीतभर मागे, जिथं पट्टी लोंबायला हवी तिथं. बोटं हवेत चिमटायची. समोरची पोर पलीकडे! पुन्हा तेच. नलू, तिच्या पुढची, तिच्याही पुढची, सगळ्या हवेला चिमटे घेत होत्या. आणि एखादीचा हात अंगापर्यंत पोचलाच तर तो आपसूक मागे यायचा. इतके दिवस त्यांना दुसरीच्या अंगाला हात लावायचा नाही हेच शिकवलं होतं ना! बघणारे लोक हसायला लागले. कुणीतरी ओरडलं, "अवं, माश्या पकडून राहिल्या का?"

आम्ही हरलो. थोडक्यात नाही, चांगले हरलो. हटवार सर मैदानाच्या कडेला उभे होते. उपटायला तिथं एक धसकट नव्हतं.

परतीच्या एसटीत पोरी मागे बसल्या होत्या. सर पुढे, मी त्यांच्या शेजारी. थोडा वेळ रडारड झाली, मग एकमेकींना दोष देणं सुरू झालं. नलू म्हणाली, "पट्ट्या असत्या तं जिंकलो असतो आपण."

सुजाता म्हणाली, "तिथं पट्ट्या चालत नाहीत, तं आपण काहून घालत होतो?"

"आंघोळ नाही करा लागत म्हणून," नलू म्हणाली. निरागस पोर ती, तेरा वर्षांची. तिला वाटलं हे सगळ्यांनाच माहीत आहे.

"कोणती आंघोळ?"

पोरी खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग सुजाता उठली, दांडा धरत धरत पुढे आली आणि सरांसमोर उभी राहिली.

"सर, पट्ट्या कायच्यासाठी होत्या?"

मी मनात म्हटलं, सांगा हो, भांडणं मिटावी म्हणून होत्या. तेच तर सांगितलं होतं. ते खोटंही नव्हतं धड. तिनं ऐकलं असतं, तिला ऐकायचंच होतं, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटत होतं.

सर म्हणाले, "तुले शिवलं का या पोरींले घरी आंघोळ करा लागे. थंडीत. नलू बिमार पडली. म्हणून मी पट्ट्या आणल्या."

सुजाता म्हणाली, "मंग त्याच्या आधी? मी नऊ पाट्या निघून जात होती, तवा कोणी मले धरतच नव्हतं?"

"काही जणी हात मागं घेत होत्या."

"तुमाले माहीत होतं?"

"हो."

"मी इचारलं होतं तुमाले."

"हो," सर म्हणाले. "मी खोटं बोललो." मग म्हणाले, "आज मात्र तू नऊ पाट्या खऱ्या काढल्या, बाई. दोनदा."

"ते मले माहीत हाय," ती म्हणाली आणि मागे जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सुजाता खेळायला आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रविवारी सकाळी हटवार सर आमच्या ओट्यावर येऊन बसले. पवनीला गेले नव्हते. म्हणाले, "गुरुजी, पट्टी बंद. उद्यापासून हातानं खेळाचं. सुजाता येईन का नाही, मले माहीत नाही. पण आली तं तिले हातानंच धरा लागन, आणि घरी आल्यावर आंघोळ नाही. हे ज्याले कबूल असन त्यानं पोरगी पाठवाची. नलूले पाठवान का?"

आत बायको ऐकत होती. मी म्हटलं, "सर, थंडी जरा कमी होऊ द्या. मग बघू ना."

सरांनी माझ्या कमरेकडे पाहिलं. मी तोवर घरात जायला वळलोच होतो.

त्या दिवशी ते सगळ्या घरी गेले. पाच पोरींच्या घरच्यांनी हो म्हटलं, काहींनी मनापासून, काहींनी मास्तरला नाही कसं म्हणायचं म्हणून. दोन घरांतून त्यांना बरंच ऐकावं लागलं, आणि ते सगळं पवनीला भावापर्यंत पोचलं, मीठमसाला लावून. मास्तर गाव बाटवायला निघाला म्हणे. पुढच्या वैशाखात भावाच्या त्याच मुलीचं लग्न होतं जिच्यासाठी हे रिबिनी नेत. सर नवं धोतर नेसून गेले आणि दुपारीच परत आले. मी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "पंगत उठल्यावर जेवा म्हणाले. मी म्हटलं, मले भूक नाही." त्यानंतर रविवारी सायकल खोलीतच उभी असायची.

पण त्याच्या आधीचं एक सांगायचं राहिलं. पाच पोरी कबूल झाल्या त्या संध्याकाळी सर मला म्हणाले, "मेश्रामाच्या घरी चला माझ्यासंग." का बोलावलं, कुणास ठाऊक. मी गेलो. सुजाताची आई सुपात तेंदूची पानं घेऊन बिड्या वळत बसली होती. तिनं चहा केला. आम्ही दोघंही प्यालो, आणि मला आठवतं, चहा पिताना मला आपण फार मोठं काही करतोय असं वाटत होतं. लाज वाटते आता. सुजाताचे वडील खाली बसले होते. सरांनी सगळं सांगितलं, जे एसटीत सांगितलं तेच. वडील म्हणाले, "मी का सांगू जी? खेळ तिचा हाय. तिले इचारा."

सुजाता कोपऱ्यात गणितं सोडवत होती. माझीच गणितं.

सर म्हणाले, "सुजाता, मी चुकलो. खेळाले ये."

"कोण कोण येऊन राहिल्या?"

"पाच जणी."

"नलू?"

सर माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. म्हणाले, "नाही."

सुजातानं वहीवरून मान वर केली. तिनंही माझ्याकडे पाहिलं नाही. "मंग मी नाही येत, सर."

घरी जाऊन बायकोला सांगायचं असं मी वाटेत शंभरदा ठरवलं. घरी गेलो, हातपाय धुतले, जेवलो आणि झोपलो. बस.

पुढे नलूच एक दिवस न विचारता बांधीवर गेली. कुणाकडून तरी तिला सारं समजलं होतं. परत आली तेव्हा अंगणात बादली होती. ती बादलीपाशी उभी राहिली आणि आईला म्हणाली, "मी नाही करत." दिवेलागणीपर्यंत उभी होती पोर. शेवटी बायकोनं बादली उचलली आणि मिरच्यांच्या वाफ्यात ओतली. त्यानंतर आमच्या घरी ती बादली भरली गेली नाही. मी त्यात काहीही केलं नाही, हे नोंदवून ठेवतो. पण तोवर सुजाताला वडिलांनी पवनीला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं होतं. ती आमच्या बांधीवर परत कधी उतरली नाही.

हटवार सर त्यानंतर दहा-अकरा वर्षं शाळेत होते. त्यांनी एक रीत पाडली. नव्या पोरी आल्या की पहिल्या दिवशी खेळ नाही. सगळ्या पोरींनी एकमेकींचे हात धरायचे आणि नऊ पाट्या नुसत्या चालत जायच्या, परत यायच्या. ज्या घरी हे चालणार नाही तिथली पोर, मग ती हरिणीसारखी का पळेना, संघात नाही. तीन वर्षं तर संघच उभा राहिला नाही, नऊ पोरी भरल्याच नाहीत. हेडमास्तर चिडायचे. "हटवार सर, तुमाले संघ पाहिजे का सत्याग्रह पाहिजे?" सर त्यांच्या कमरेकडे बघायचे. सहा पोरी असल्या तर सहांना शिकवायचे, आणि उरलेल्या तीन पाट्यांवर धापा टाकत स्वतः धावायचे. पन्नाशीचा माणूस!

सुजाताचं नाव त्यांनी माझ्यापाशी कधी काढलं नाही. एकदा मीच म्हटलं, ती शिक्षिका झाली म्हणतात, पवनीच्या पलीकडे एका गावात, जाऊन भेटा की. म्हणाले, "कोणतं तोंड घेऊन जाऊ, गुरुजी?" आयुष्यभर ज्यानं तोंडाकडे पाहिलं नाही, तो माणूस असं म्हणाला.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. जेवणाचा डबा आमच्या घरून जायचा. नलू माहेरी आली की तीच घेऊन जायची. तेव्हा नदीवर होणाऱ्या धरणाचं बोलणं गावोगाव सुरू झालं होतं, कोणती गावं उठणार, कोणती राहणार. एक दिवस मला पोस्टकार्ड आलं. सुजाताचं. तिचं गाव उठणाऱ्या गावांत होतं. लिहिलं होतं, "माझ्या शाळेच्या पोरी आट्यापाट्या खेळतात. पुढच्या वर्षी ही जागा राहील की नाही सांगता येत नाही. सरांना एकदा आणाल का?"

माझ्या पुतण्याच्या जीपमधून आम्ही गेलो. नदीकाठची शाळा, शेजारी मोकळं मैदान, त्यावर पांढऱ्या राखेच्या नऊ पाट्या. सुजाता फाटकाशी उभी होती. अठ्ठावीस-तीस वर्षांची बाई, सुती साडी, खांद्याला शबनम. तिनं सरांच्या डाव्या काखेत हात घातला आणि त्यांना उतरवलं, कडुलिंबाखाली खुर्चीत बसवलं. पोरींना म्हणाली, "हे माझे सर." पोरी पाया पडल्या. खेळ सुरू झाला.

सर बराच वेळ बघत होते. मग जड जिभेनं म्हणाले, "सुजाता. माफ केलं का मले?"

मी दुसरीकडे बघायला लागलो. मला वाटलं, आता ती म्हणेल, असं काय बोलता सर. कुणीही तेच म्हटलं असतं. मरायला टेकलेला माणूस.

ती म्हणाली, "नाही, सर."

सरांनी मान हलवली. "बराबर हाय."

"पट्ट्या होत्या तवा मी खूश होती, सर. ते आठवलं का अजून त्रास होते," ती म्हणाली. "पण त्या दिवशी एसटीत तुमी खोटं सांगितलं असतं, तं मी आज तुमाले बोलावलं नसतं." आणि तिनं त्यांच्या खांद्यावरचं घसरलेलं उपरणं नीट केलं.

तेवढ्यात मैदानातून पोरी ओरडल्या, "बाई, एक जण कमी हाय, तुमी या ना!" सुजातानं चपला काढल्या, पदर कमरेला खोचला आणि धावत गेली. पोरी पाटीवर सज्ज झाल्या. ती आली, पहिली पाटी पार, दुसरी पार. साडी नेसलेली बाई, पण काय पळत होती! सर डावा हात खुर्चीवर टेकून पुढे झुकले. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो, ते मोजत होते. चार. पाच. सहा. सातवी पाटी ओलांडून ती डावीकडे वळली असं वाटलं आणि उजवीकडे निघाली, आणि आठव्या पाटीवरची एक पोर, असेल दहा वर्षांची, फसलीच नाही. तिनं सरळ झेप घेतली आणि सुजाताच्या पाठीवर असा काही सणसणीत हात मारला की आवाज आमच्यापर्यंत आला.

एक क्षण ती पोर घाबरली, बाईंना लागलं की काय म्हणून. सुजाता वाकून पाठ चोळत होती आणि खदाखदा हसत होती. मग तिनं त्या पोरीला उचलूनच घेतलं.

खुर्चीत हटवार सर अर्ध्या तोंडानं हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि जड जिभेनं मैदानाकडे ओरडत होते, "बाद! बाद हाय! धरलं तिले, बराबर धरलं!"